दुसऱ्या राउंडमधला अंगठा

टेक्सासमधल्या प्लेनोला आमच्या घरापासून गाडीने पाच-सात मिनिटांवर एक लांबट बैठी इमारत होती. तिच्यात ओळीने भारतीय किराणा, लाँड्रोमॅट, डोनटचं दुकान आणि अगदी टोकाला व्हिडिओ गेमचं आर्केड. तिथे मी पहिल्यांदा गेले ते एका माणसाला ओढून बाहेर काढायला. दोन हजार तीन साल असावं.

हा माणूस नागपूरचा. आमच्या वरच्या खोलीत भाड्याने राहायचा, एका टेलिकॉम कंपनीत टेस्टिंग करायचा, आणि पॅरलल पार्किंग जमत नसल्यामुळे ड्रायव्हिंग टेस्टमध्ये पुन्हा पुन्हा नापास व्हायचा. त्यामुळे दर शनिवारी दुपारी तो माझ्या गाडीतून किराण्याला येई. त्या दिवशी माझी कोथिंबीर, दही, पीठ सगळं डिकीत गेलं तरी याचा पत्ता नाही. डोनटवाल्याने शेजारच्या दाराकडे बोट दाखवलं.

आत अंधार आणि गोंगाट. एका मशीनसमोर आठ-दहा जणांचं कोंडाळं, आणि मधोमध आमचा नागपूरकर, घामाने डबडबलेला. शेजारी त्याला अगदी खेटून चाळिशीचा एक जपानी माणूस. इस्त्रीचा शर्ट, आणि पॅनेलच्या कडेला चौकोनी घडी घातलेला छोटा टॉवेल. पडद्यावर दोन माणसं एकमेकांना लाथा घालत होती.

"चल, दही खराब होईल," मी म्हटलं.

"काकू, एक मिनिट. तिसरा राउंड चालू आहे."

तिसरा राउंड तो हरला. गाडीत बसल्यावर त्याने मला खेळ समजावला. दोन खेळाडू, एकच पडदा. तीनपैकी दोन राउंड जिंकेल त्याची मॅच. ज्याला पुढे खेळायचं असेल त्याने आपलं टोकन काचेच्या कडेला लावून ठेवायचं, तोच नंबर. हरला त्याने बाजूला व्हायचं, जिंकला त्याने थांबायचं.

"आणि तो जपानी?"

"तो हटतच नाही ना! इथल्या कार पार्ट्सच्या कंपनीत इंजिनियर आहे. पण काकू, मी दर वेळी त्याच्याकडून एक राउंड घेतो. पहिला तो, दुसरा मी, तिसरा तो. बाकी कोणाला एवढं पण जमत नाही. फक्त एक राउंड कमी पडून राहिला मला."

मला त्या लाथांमध्ये रस नव्हता. पण एवढी मोठी, नोकरी करणारी माणसं भर दुपारी अंधारात काय करतात, हे मला कळेना, आणि कळलं नाही की मला स्वस्थ बसवत नाही. पुढच्या शनिवारी किराणा आधी न करता मीही आत जाऊन उभी राहिले.

जपानी इंजिनियरने मला पाहिलं, वाकून नमस्कार केला आणि कुठूनतरी एक स्टूल आणून दिलं. त्याचं इंग्रजी अडखळतं होतं, माझं पुस्तकी. आमचं छान जमलं. त्याचं गाव जपानमध्ये डोंगराच्या पायथ्याशी, लहान. तिथे न्हाव्याच्या दुकानाला लागून असंच एक आर्केड आहे, एक म्हातारी बाई ते चालवते, असं तो म्हणाला. पुढच्या खेपेला त्याने फोटोंचा अल्बमच आणला. सुट्टी मिळाली की तो आसपासच्या लहान गावांमधून हिंडायचा आणि अशा आर्केडचे फोटो काढायचा. एक गळाला लावायच्या किड्यांच्या दुकानामागे, एक एसटी स्टँडसारख्या दिसणाऱ्या जागी पहिल्या मजल्यावर, एकात गल्ल्यावरची बाई लोकर विणत बसलेली.

फोटोंत मशीनं पाठीला पाठ लावून ठेवलेली होती. दोन खेळाडू समोरासमोर, पण मध्ये दोन्ही मशीनं. म्हणजे एकमेकांचं तोंडच दिसत नाही.

"मग कोणाशी खेळतोय ते कसं कळतं?" मी विचारलं.

"खेळण्यावरून," तो म्हणाला. "एका माणसाशी मी दोन हिवाळे खेळलो. फार सावध खेळायचा. नंतर दात दुखला म्हणून गेलो तर तो माझा डेंटिस्ट निघाला."

इथे अमेरिकेत कोपराला कोपर लावून उभं राहावं लागतं, याची त्याला अजून सवय झालेली नव्हती. शेजाऱ्याकडे तो कधीच बघत नसे.

"ही दुकानं एकेक बंद होत आहेत," त्याने अल्बम मिटत सांगितलं. "म्हणून मी फोटो काढतो. मॅडम, तुमच्याकडे व्हिडिओ कॅमेरा आहे असं तुमचे हे भाडेकरू म्हणतात. इथलं तुम्ही करा."

कॅमेरा होता. महाराष्ट्र मंडळाच्या गणेशोत्सवाचं शूटिंग करायला आम्ही तो घेतला होता, आणि वर्षातले उरलेले दिवस तो कपाटात पडून असे. मला काम आवडलं.

पहिली टेप फुकट गेली. पडद्यावर काळे पट्टे वरून खाली सरकत होते. मॅन्युअल वाचून शटरचा वेग बदलला तेव्हा पट्टे गेले. दुसऱ्या टेपवर मी मंडळाच्या सवयीने सगळ्यांची तोंडं घेतली.

"काकू, हे लग्न नाही," नागपूरकर म्हणाला. "स्क्रीन घ्या ना!"

"स्क्रीनवर रोज तेच दोघं लाथा मारतात. त्यात काय घ्यायचं?"

शेवटी तोडगा निघाला. ट्रायपॉड मशीनच्या बाजूला अशा बेताने लावायचा की चौकटीत वर पडदा आणि खाली दोघांचे हात, दोन्ही येतील. मला हात बघायला आवडायचे. कोणी जॉयस्टिक मुठीत आवळतो, कोणी पळी धरल्यासारखी दोन बोटांत धरतो. नागपूरकर बटणं अशी बडवायचा की जणू लिफ्ट येत नाहीये. त्यातून एकदा त्याने घरून चिवडा नेला आणि तेलकट हातांनीच खेळला. जपानी इंजिनियरने आपल्या टॉवेलने एकेक बटण शांतपणे पुसून घेतलं, मग खेळायला उभा राहिला. नंतर चिवडा मात्र त्याने मागून खाल्ला.

घरी टेपा बघताना मला एक गोष्ट दिसली. एका शनिवारी शेजारच्या कॉलेजातल्या दोन नवख्या मुली खेळायला आल्या होत्या. त्यांच्याशी खेळताना इंजिनियर पहिला राउंड जिंकला, दुसरा हरला, तिसरा जिंकला. दोघींशीही तसंच. आणि दोन्ही वेळा दुसऱ्या राउंडमध्ये त्याच्या उजव्या हाताचा अंगठा पॅनेलच्या कडेवर टेकलेला होता, कठड्याला हात टेकून गप्पा मारतात तसा. एरवी त्याचं मनगट हवेत असे.

मी त्याला सरळ विचारलं, "त्या मुलींना दुसरा राउंड तुम्ही दिलात?"

तो कानापर्यंत लाल झाला. मग सांगितलं, की हा त्या म्हाताऱ्या बाईचा नियम. नवीन माणसाला दुसरा राउंड द्यायचा. "नाहीतर तो परत येत नाही. आमचं गाव लहान आहे, मॅडम. एकेक माणूस गेला तर खेळायचं कोणाशी?"

"आणि माणूस नवीन किती दिवस?"

"ते सांगायचं नसतं," तो हसून म्हणाला. "दिलं हेही सांगायचं नसतं. तुम्ही पाहिलं हे फार वाईट झालं."

मी कोणाला सांगितलं नाही. मला तो नियम हुशारीचा वाटला.

वर्षभर असं चाललं. मग एका शनिवारी इंजिनियरने सांगितलं की कंपनी त्याला परत बोलावते आहे. पुढचा शनिवार शेवटचा. नागपूरकराचं तो आठवडाभर जेवणात लक्ष नव्हतं. माझ्या डायनिंग टेबलाच्या कडेवर बोटं चालवत बसायचा.

"ड्रायव्हिंग टेस्टची एवढी तयारी केली असतीस तर आज स्वतःच्या गाडीने गेला असतास," माझा नवरा त्याला म्हणाला.

"काका, टेस्ट पुन्हा देता येते. हा माणूस जाऊन राहिला. एकदा, फक्त एकदा त्याले हरवायचं आहे. नाहीतर आयुष्यभर वाटत राहील, एकच राउंड कमी पडला."

शेवटच्या शनिवारी सगळे आले. मी ट्रायपॉड लावला. नागपूरकराने साबणाने हात धुतले, शर्टाला पुसले, आणि टोकन लावलं.

पहिला राउंड इंजिनियरने घेतला. नेहमीचंच होतं. "आता आपला," कोणीतरी मागून म्हणालं. दुसरा राउंड सुरू झाला आणि बघता बघता संपला. नागपूरकराला हात उचलायला सवड मिळाली नाही. मॅच दोन-शून्य.

इंजिनियर त्याच्याकडे वळला. शेजाऱ्याकडे बघताना मी त्याला पहिल्यांदाच पाहिलं. तो कमरेत खूप खाली वाकला. नागपूरकराने कसाबसा हात मिळवला आणि डोनटच्या दुकानात जाऊन बसला.

गाडीत तो खिडकीबाहेर बघत होता. "वर्षभर खेळून मी मागे गेलो, काकू. एक राउंड तरी घेत होतो. आज तोही नाही."

मला ते पटेना. माणूस एका आठवड्यात एवढा बिघडत नाही. घरी आल्यावर मी टेपा काढल्या आणि नुसते दुसरे राउंड बघत बसले. पुढे सारायचं, थांबवायचं, बघायचं. अंगठा कडेवर. दुसरी टेप, अंगठा कडेवर. नागपूरकराने जिंकलेल्या प्रत्येक दुसऱ्या राउंडमध्ये, पावसाळी शनिवार असो की थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीतला, तो अंगठा कडेला टेकलेला होता. मग आजची टेप लावली. दुसऱ्या राउंडमध्ये अंगठा वर. मनगट हवेत.

नवरा मागे येऊन उभा होता. मी त्याला सगळं सांगितलं.

"त्याला सांगू नकोस," तो म्हणाला. "आधीच हिरमुसलाय. आता कळेल की आजवरचे सगळे राउंड फुकटचे होते."

"आणि आजचा नव्हता, ते कोण सांगणार?"

मी जिन्याखालून हाक मारली. नागपूरकर खाली आला. जुन्या टेपा आधी दाखवल्या, आजची शेवटी. म्हाताऱ्या बाईचा नियमही सांगितला. त्याचा चेहरा उतरत गेला.

"म्हणजे मी एकही राउंड जिंकलो नव्हतो."

"नाही."

"एकही?"

"टेपवर तरी नाही."

त्याने रिमोट घेतला आणि आजचा दुसरा राउंड पुन्हा लावला. मग आणखी एकदा. तिसऱ्या वेळी तो पडद्याच्या अगदी जवळ जाऊन बसला आणि वर चाललेल्या लाथांकडे ढुंकून न बघता खालच्या त्या हाताकडे बघत राहिला.

"पूर्ण जोर लावला बे यानं," तो हळूच म्हणाला. मग माझ्याकडे वळून, "काकू, मी नवीन नाही राहिलो."

"दिसतंय तसं. आता जेव. भात गार झाला."

तो जेवला. दोनदा वाढून घेतलं. अधूनमधून मात्र घास हातात ठेवून म्हणायचा, "वर्षभर दान घेऊन राहिलो मी, काका! आणि इथे सगळ्यांसमोर कॉलर ताठ!" नवऱ्याला हसू आवरेना. शेवटी तोही हसला.

मी इंजिनियरला ई-मेल केली. टेपांच्या प्रती पाठवते आहे, आणि अंगठ्याचं आम्हाला कळलं आहे, असं स्पष्ट लिहिलं. त्याचं उत्तर आलं ते एवढंच, की मॅडमचा कॅमेरा फार चांगला आहे, त्या टेपा तो गावातल्या बाईंना दाखवेल, आणि त्या सद्गृहस्थांशी झालेली शेवटची मॅच त्याला अवघड गेली. नागपूरकराने 'अवघड' हा शब्द माझ्याकडून तीनदा वाचून घेतला.

पुढच्या काही महिन्यांत तो ड्रायव्हिंग टेस्ट पास झाला, पण शनिवारी माझ्याबरोबरच यायचा. मशीनवरून आता हटत नसे तो तोच. एकदा डॅलसहून एक नवीन विद्यार्थी आला, सांगलीचा, बिचकत बिचकत टोकन लावून उभा राहिला. पहिला राउंड नागपूरकराने घेतला. दुसऱ्या राउंडला मी कॅमेऱ्यातून खाली बघितलं. त्याने अंगठा कडेवर ठेवला, मग उचलला, मग वैतागून सगळा हातच बाजूला घेतला.

"हे बघ," तो त्या मुलाला म्हणाला, "हा राउंड मी तुले देऊन राहिलो. ऐकलं का? दिलेला आहे. जिंकला असं समजू नको."

"मग कशाला देताय?" मुलगा गोंधळून म्हणाला.

"नियम आहे. गाव लहान आहे आपलं."

मुलाने राउंड घेतला, तिसरा सपाटून हरला, आणि पुढच्या शनिवारी परत आला.