पेशकारांकडे पाठ

मी माझ्या सासऱ्यांना पहिल्यांदा भेटलो ते पाठीनं. तोंड नीट पाहिलं ते नंतर, आणि तोवर माझ्या पाठीनं त्यांना सात वेळा रेटून लिंबाच्या बुंध्याला टेकवलं होतं.

निजामाचं राज्य होतं. मी लोहाऱ्याच्या शाळेत नवा मास्तर. माझ्या अंगी गुण एकच, लांबी! (सहा फूट दोन इंच. त्यात अक्कल कितव्या फुटावर थांबली होती, ते पुढं कळेलच.) आमचे ड्रिलमास्तर गफूरमियाँ हैदराबादेहून बास्केटबॉल शिकून आले होते आणि मला बघितलं की त्यांना गहिवरून यायचं. त्यांनी मला एकच डाव शिकवला. टोपलीजवळ जायचं, टोपलीकडं पाठ करायची, मागं अडवायला आलेल्याला पाठीनं रेटत सरकायचं, चेंडू वरच्या वर झेलायचा, गर्रकन वळायचं आणि टाकायचा. "पीछे ठेंगू आया तो समझो ईद आई," ते म्हणत. "अल्ला ने कद दिया, अब पीठ कू काम पे लगाओ, मास्टर." लग्नात आपण ज्याला विजोड म्हणून नाकं मुरडतो, ते या खेळात शोधून शोधून जुळवायचं असतं.

त्याच सुमारास माझं लग्न जुळत होतं. मुलगी उमरग्याची, बाप तिथल्या कचेरीत पेशकार, म्हणजे साहेबापुढं कागद ठेवणारा. यापलीकडं मला काही ठाऊक नव्हतं. नवऱ्या मुलाला काही सांगायची आमच्या घरी पद्धतच नव्हती. आधीची तीन स्थळं माझ्या उंचीपायी मोडली होती. पोरीला शिडी द्यावी लागेल, असं एकानं तोंडावर सांगितलं होतं. हे चौथंही गेलं तर तुला मठात नेऊन सोडतो, असं आमच्या आप्पांनी, म्हणजे वडिलांनी, मला बजावलं होतं.

आणि नेमका आमचा सामना लागला उमरग्याच्या कचेरीशी! तिथल्या तहसीलदारांना या खेळाचा शौक होता, म्हणून सगळ्या कचेरीला होता. कारकून, चपराशी सगळे पायजमे खोचून, देवाचं नाव घेत मैदानात उतरले. टोपली म्हणजे लिंबाच्या झाडाला ठोकलेलं मोटेचं लोखंडी कडं. मला अडवायला एक चाळिशीचे गृहस्थ आले. उंचीनं माझ्या कोपराएवढे, तेही डोक्यावरची रुमी टोपी धरून. गफूरमियाँनी आभाळाकडं बघून शुक्रिया म्हटलं.

मी कामाला लागलो. गृहस्थ सभ्य होते. पहिल्यांदा रेटलं तेव्हा ते "अहो मास्तर, जरा" म्हणाले, दुसऱ्यांदा नुसतं "अहो", आणि तिसऱ्यापासून काहीच म्हणाले नाहीत. पाचव्या वेळी माझं कोपर लागून त्यांची टोपी उडाली आणि वळताना मी तिच्यावरच पाय दिला. लोक हसले. खोटं कशाला सांगू, मला फार बरं वाटलं. मी त्यांच्याकडं बघून मिशीला पीळसुद्धा दिला.

मधल्या सुट्टीत आप्पा आले. लग्नाचं बोलायला ते सकाळपासून उमरग्यातच होते. कपाळाची विभूती तोंडभर पसरावी तसे पांढरे पडले होते.

"कुनाला रेटायलास?"

"त्या ठेंगूला."

"ते पेशकार हायेत."

"कुठले?"

"तुझे," आप्पा म्हणाले.

मी पाहिलं. पेशकार टोपी गुडघ्यावर आपटून तिच्यातला माझा पाय काढत होते.

ज्या राज्यात साहेबापुढून निघतानाही तोंड साहेबाकडं ठेवून उलट्या पावली दारापर्यंत जायची रीत, तिथं मी होणाऱ्या सासऱ्यांना अर्धा सामना पाठ दाखवली होती. नुसती दाखवली नव्हती, लावली होती! मला त्यांच्यापासून लांब खेळवा म्हणून मी गफूरमियाँचे पाय धरले.

"ससुर तो कोई भी मिल जाता, मास्टर," ते म्हणाले, "इत्ता ठेंगू नई मिलता."

मग उरलेल्या सामन्यात मी संस्कार दाखवायचे ठरवले. टोपलीपाशी गेलो आणि पेशकारांकडं तोंड करून उभा राहिलो. चेंडू झेलला आणि घाबरून तसाच वाकून नमस्कार केला. चेंडू त्यांच्या छातीशी आला. त्यांनी तो काढून घेतला. असं नऊ वेळा झालं! आम्ही हरलो, तहसीलदारांनी पेशकारांना स्वतःच्या हातानं अत्तर लावलं, आणि गफूरमियाँ महिनाभर माझ्याशी बोलले नाहीत.

आप्पा हात जोडून पेशकारांपुढं उभे राहिले. पेशकारांनी मला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं. (वेळ लागला.)

"आदी वाटलं, पोरगं माजलंय," ते म्हणाले. "तसं न्हाय. मठ्ठ हाय. मठ्ठ चालंल आमाला."

सुपारी फुटली.

मुलगी मी थेट मांडवात पाहिली. बापापेक्षा वीतभर कमी. हार घालायच्या वेळी मित्र कानाशी लागले, की आज वाकलास तर जन्मभर वाकशील. मी ताठ राहिलो. तिनं हात उंचावले, हार माझ्या छातीपर्यंत आला. टाचा उचलल्या, हनुवटीपर्यंत आला. मांडव हसू लागला. मग तिनं हात खाली घेतले. माझ्याकडं पाठ फिरवली आणि शांत उभी राहिली.

चौथं स्थळ चाललं, आता मठ, एवढंच मला सुचलं. "अहो, काय झालं?" म्हणत मी घाईघाईनं वाकलो. ती गर्रकन वळली आणि हार माझ्या गळ्यात पडला.

पाहुण्यांतून गफूरमियाँ उठून उभे राहिले. "देखो मास्टर," ते म्हणाले, "इसकू बोलते पीठ का काम."

पन्नास वर्षं झाली. तिला हा एकच डाव येतो आणि तिनं तो आजवर एकदाही वाया घालवलेला नाही. पेशकारांची पारख मात्र पक्की! तिनं पाठ फिरवली की मी अजूनही "अहो, काय झालं?" म्हणत वाकतो.