भिंगरीने यंत्राला थांबायला शिकवलं

ती आमच्या प्रयोगशाळेत रुजू झाली, त्या दिवशी मला वाटलं, बाई वाट चुकून आलीय. मी इथला फिटर. मोटारी बसवायच्या, बोल्ट आवळायचे. हिने दाराशी चपला काढल्या, अनवाणी खोलीभर फिरली आणि फरशी कुठे कुठे उतरती आहे ते मला सांगितलं. तीन जागा. मी लेव्हल लावून पाहिली. तिन्ही बरोबर!

घरी तिला भिंगरी म्हणत. सहाव्या वर्षापासून नाच, मग भौतिकशास्त्र, मग रोबोट. वडील शिंपी. ते वैतागून म्हणायचे, "पोरी, एक ना धड भाराभर चिंध्या!" नाचाच्या बाईंना वाटे, हिचं डोकं गणितात. कॉलेजातले सर म्हणत, हिचे पाय जमिनीवर ठरत नाहीत. दोन्हीकडे ती पाहुणीच.

आम्ही तेव्हा लुळ्या पायाला बांधायचं यंत्र बनवत होतो. ते लावून बघायला एक निवृत्त पोस्टमनकाका यायचे. जन्मभर पायी हिंडलेला माणूस. अर्धांगवायूने डावा पाय गेला. यंत्राने पाय उचलला की काका लाकडासारखे ताठ व्हायचे, बाजूच्या दांड्या गच्च धरायचे. आमच्या इंजिनिअरसाहेबांनी मोटारीचा जोर वाढवला. काका म्हणाले, "अहो, हे मला चालवत नाही, फरफटवतंय."

भिंगरीने यंत्र सोडवलं. "काका, नाचू या जरा?"

"या वयात? घरी बायकोला कळलं तर जेवायला मिळायचं नाही!"

काकांचे हात स्वतःच्या खांद्यांवर घेऊन ती जागच्या जागी डुलू लागली. उजवीकडे, डावीकडे. डोळे मिटलेले. बऱ्याच वेळाने म्हणाली, "यंत्र घाई करतंय. भार उजव्या पायावर पोचायच्या आतच डावा उचलतंय. कोणीही घाबरेल."

पुढचे दोन महिने तिने स्वतःच्या तळव्यांना नि कमरेला सेन्सर लावून एकच पाऊल शेकडो वेळा टाकलं. नाचणारीचं अंग पावलाच्या आधी किती कलतं, ते पडद्यावर आकड्यांत उमटायचं. यंत्राने त्या कलण्याची वाट बघायची, मगच पाय उचलायचा. भार ओळखणारी तळव्याखालची पट्टी मी अकरा वेळा नव्याने केली. यंत्राचे पट्टे काकांना काचतात हे ऐकून तिच्या वडिलांनी मऊ अस्तराचे नवे पट्टे शिवून दिले, आणि चाचणीच्या दिवशी ते स्वतःही आले.

काका उभे राहिले. यंत्र हललंच नाही. साहेबांचा हात कीबोर्डकडे गेला. भिंगरीने नुसती मान हलवून त्यांना थांबवलं. काकांची कंबर उजवीकडे जराशी कलली, मोटार हलकेच गुणगुणली आणि डावा पाय उचलला गेला. एक पाऊल. दुसरं. पाचव्याला काकांनी दांड्या सोडल्या.

"याला कळलं हो," ते म्हणाले. "मी निघतोय, हे याला आधीच कळलं!"

ते दारातून बाहेर लांब व्हरांड्यात गेले. भिंगरी मागून, हात न लावता, त्यांच्याच चालीने. तिचे वडील भिंतीला टेकून बघत राहिले.

संध्याकाळी मी घरी जायला उठलो. पाऊल उचलणार, तोच जाणवलं, अंगाचा भार आधीच दुसऱ्या पायावर गेला होता. पन्नास वर्षं चालतोय मी, हे कधी लक्षातच आलं नव्हतं.