चुलवणात घातलेल्या हातपिशव्या

आमच्या गावात बिब्ब्याला न भिणारा गडी एकच, तो म्हंजे म्या. फकस्त ही गोष्ट बिब्ब्याला कुणी सांगिटली नव्हती.

निजामाचं राज व्हतं तवाची गोष्ट हाय. येरमाळ्याच्या अलीकडं, डोंगराच्या अंगाला आमचं गाव. म्या शाळा बघिटली ती भाईरून, आतल्या पोरान्ला वाकुल्या दावायला. आईबाप लवकर गेले, आत्यानं वाढवलं. आत्या विधवा. तिचा धंदा बिब्बे फोडायचा. हिवाळ्यात डोंगरातनं बिब्बे येचून आणायचे, वाळवायचे, दगडावर ठिवून दुसऱ्या दगडानं टोला द्यायचा आन् आतली गोडंबी अलगद काढून कळंबच्या बाजारात इकायची. गोडंबी बाळंतिणीच्या लाडवात जाती, तिला लई मान. पण तिच्या भवती जे काळं तेल असतंय ते अंगाला लागलं की बिब्बा उततो. कातडी लाल हुती, सुजती, फोड येत्यात, आन् खाज अशी की माणूस भिंतीला घासत बसतो.

म्हून आत्या फोडताना हातात पिशव्या घालायची. जुन्या धोतराच्या, दुपदरी, मनगटाच्या वर दोरीनं बांधलेल्या, अंगठ्याला येगळं घर. कळंबच्या दवाखान्यात म्या एकदा डॉक्टरसायबाचे रबरी हातमोजे बघिटले व्हते. घरी येऊन आत्याला म्हणलं, तुजं आन् सायबाचं एकच काम दिसतंय. आत्या म्हणली, "सायबाचे हातमोजे वापरून झाल्यावर टाकतंय कोण?" म्या म्हणलं, असंल कुणीतरी माज्यासारखा गडी. "मंग सायबाला जपून ऱ्हा म्हणावं," असं म्हणून ती परत बिब्बे फोडायला लागली.

कारण पिशव्या टाकायचं काम माज्याकडं व्हतं. आठधा दिवसांत त्या तेलानं काळ्या आन् वाळल्या चामड्यावानी कडक हुयाच्या. मंग आत्याचे दोनी हात पिशवीत अडकलेले म्हून शेजारची म्हातारी बोटांना राख चोळून दोरी सोडायची, वरच्या काठाला धरून पिशवी उलटी करत ओढायची, म्हंजे तेल आतल्या आत ऱ्हायचं. उलटी पिशवी फुटक्या गाडग्यात. ते गाडगं हिरीपासून लांब, बांधाच्या कडंला, गुडघाभर खड्ड्यात पुरायचं. वर राख, माती, धोंडा, आन् कुत्र्यांनी उकरू नये म्हून बाभळीची फांदी. उकिरड्यावर टाकायच्या न्हाईत, तिथं पोरं आन् शेरडं फिरत्यात. वढ्यात न्हाय, तिथं बाया धुणं धुत्यात. आन् जाळायच्या तर मुळीच न्हाय. का जाळायच्या न्हाईत ते बी आत्यानं सांगिटलं व्हतं, पण तवा म्या दुसरीकडं बघत व्हतो.

त्या साली माज्या लग्नाचं चाललं व्हतं. चाललं व्हतं म्हंजे मोडत चाललं व्हतं. एका ठिकाणी म्या लई बोललो म्हून मोडलं. दुसऱ्या ठिकाणी आत्यानं मला तोंड मिटून बसायला लावलं, तर पोरगा मुका हाय म्हून मोडलं. तिसऱ्या ठिकाणी पोरीच्या चुलत्याची टोपी पिठल्यात पडली, आन् हसू मला आवरलं न्हाय. आता चौथं ठिकाण आलं व्हतं. येरमाळ्याचा शेतकरी, पोरीचा बाप, घर आन् नवरा बघाया येणार व्हता. आत्याची बोटं तवाच वाकडी व्हायला लागली व्हती, सकाळी दगड धरवत नव्हता. ती मला एवढंच म्हणली, "ह्या घरात एक बाई यायला पायजे रं. म्या एकटीनं किती दिस वढायचं?"

पाव्हणा उद्या येणार, म्हून आदल्या दिशी आत्यानं घर सारवलं, अंगण झाडलं. चार जुन्या पिशव्या गाडग्यात पडल्या व्हत्या, त्या पुरून यायला मला सांगिटलं आन् ती शेजारनं घोंगडी मागाया गेली. म्या टिकाव घेऊन बांधावर गेलो. जमीन वाळून दगड झालेली. पयला टोला दिला, हात झिणझिणले. दुसरा दिला, टिकाव उडाला. तिसरा टोला अकलेला द्यायला पायजे व्हता, तो ऱ्हायला. त्याच्या बदली म्या इचार केला. आंघोळीला पाणी तापवायचंच हाय, पिशव्या तेलानं भिजल्यात, चुलवणात घातल्या की लाकूड बी वाचंल आन् खड्डा बी वाचंल. एवढी हुशार गोष्ट आत्याला इतक्या वर्सांत सुचली न्हाय ह्याचं मला नवल वाटलं.

पिशव्या नीट पेटंनात. म्या फुंकणी घेऊन चुलवणाच्या तोंडाशी उकिडवा बसलो. काळा धूर भाईर आला. म्या फुकलं, धुरानं मला परत फुकलं. अशी आमची लई येळ हुज्जत झाली. शेवटाला पिशव्या अर्ध्यामुर्ध्या जळून इझल्या, त्या म्या आत सारल्या, वर राख लोटली आन् कोमट पाण्यानं आंघोळ उरकली.

आत्या आली. पुरल्या का म्हणली. म्या म्हणलं, पुरल्या. धोंडा ठिवला का म्हणली. म्हणलं, ठिवला. बाभळीची फांदी? म्हणलं, लई काटेरी बघून ठिवली.

दुसऱ्या दिशी सकाळी जाग आली, पण डोळे उघडंनात. चाचपून बघिटलं तर तोंडाच्या जागी भोपळा. हात सुजलेले, व्हट सुजलेले, आन् उकिडवा बसलेला असल्यामुळं त्या धुरानं आणखी कुठं कुठं बिब्बा उतला ते सांगायची जागा ही न्हवं. आत्यानं इचारलं, म्या म्हणलं मधमाश्या चावल्या. तिनं माज्याकडं लई येळ बघिटलं. पण तेवढ्यात पाव्हण्याच्या गाडीची घुंगरं वाजली, तशी तिनं खोबरेल थापलं आन् मला भिंतीच्या कडंला बसवलं. फेटा डोक्यात बसंना. टोपल्यावर फडकं टाकल्यावानी तो वरच्या वर ऱ्हायला.

पाव्हणा उंचापुरा, कमी बोलणारा. त्यानं मला बघिटलं आन् दोन पावलं मागं सरला. म्या लगी मधमाश्यांची गोष्ट सुरू केली. नुसत्या चावल्या म्हणलं असतं तर भागलं असतं, पण माजं तोंड सुजलं तरी बंद कुठलं हुतंय? म्हणलं, पाव्हणं येणार, त्यान्ला ताजा मध पायजे, म्हून कड्यावर चढलो. पाव्हण्याचा चेहरा नरम झाला. माज्यासाठी एवढं केलं का म्हणला. चौथं ठिकाण जमत आलं, असं मला त्या चिरीएवढ्या डोळ्यातनं सुदीक दिसलं.

थंडी लई व्हती. आत्यानं पाव्हण्याच्या पायावर घालाया पाणी तापत ठिवलं, चुलवणात काटक्या घालून इस्तू ठिवला आन् ती चहाचं बघाया आत गेली. पाव्हणा शेकाया चुलवणापशी जाऊन बसला. काटक्या धुमसत व्हत्या, म्हून त्यानं फुंकणी उचलली.

 बोललो तर लगीन गेलं. न्हाय बोललो तर पाव्हणा माज्यासारखाच भोपळा हून घरी जाणार. म्या उठलो, पळालो, मधल्या खांबाला धडकलो, आन् खांबाला धरूनच म्हणलं, "फुकू नका. आत बिब्ब्याच्या पिशव्या हायत."

पाव्हण्यानं फुंकणी खाली ठिवली. वाईच मागं सरकला.

"मंग मधमाश्या?"

"मधमाश्या न्हाईत."

"मध?"

"मध बी न्हाय."

आत्या दारात येऊन उभी ऱ्हायली व्हती. ती माज्यावर वरडली न्हाय, त्येचंच मला लई भ्या वाटलं. तिनं नव्या पिशव्या हातात घातल्या, वाऱ्याच्या वरच्या अंगाला उभी ऱ्हाऊन इस्तवावर पाणी वतलं, काठीनं एकेक पिशवी वढून गाडग्यात घातली. मंग पाव्हण्याकडं वळून म्हणली, "पोरगं आळशी हाय, बडबडं हाय, आन् काल बांधाला गुडघाभर खड्ड्यात ह्या पुरल्या म्हून माज्याशी बी खोटं बोललं. तुमी जेवून जावा. पोरगी द्यायची का न्हाय ते तुमी ठरवा, म्या झाकून ठिवणार न्हाय."

 पाव्हण्यानं कोपऱ्यातला टिकाव उचलून माज्या हातात दिला आन् बांधाकडं चालाया लागला. म्या मागं मागं, ठेचकाळत. त्यानं जागा दावली, म्या खणाया लागलो. हात आगीवानी जळत व्हते. घडोघडी इचारायचो, झाला का? तो खड्ड्यात काठी उभी करून बघायचा आन् मान हलवायचा. शेवटाला म्या म्हणलं, माजा गुडघा कवाच बुडला. तो म्हणला, माजा बुडू द्या. आन् सांगिटलं न्हवं, पाव्हणा उंच व्हता.

गाडगं पुरलं. राख, माती, धोंडा. बाभळीची फांदी म्या सोता तोडून आणली, आन् ती खरंच लई काटेरी निघाली.

जेवताना माज्या व्हटातनं घास आत जाईना. आत्या पाव्हण्याला वाढत व्हती, पण तिचं लक्ष त्येच्या तोंडाकडं व्हतं. जेवण झालं, पाव्हण्यानं हात धुतले, खिशातनं सुपारी काढली आन् म्हणला, "आत्याबाई, अडकित्ता हाय का? सुपारी फोडून टाकू."

आत्यानं पदर डोळ्याला लावला. मला तर उडी माराविशी वाटली, पण सूज व्हती. तरी गप्प कसला बसतोय म्या! म्हणलं, खोटं बोललो खरं, पण येळंला खरं बोललो, ते तुमच्या मनात भरलं म्हणायचं.

पाव्हण्यानं अडकित्त्यात सुपारी धरली, माज्याकडं बघिटलं बी न्हाय.

"पोरगी तुमच्या आत्याकडं बघून दिली. ह्या घरात तुमी बी हायत, त्येला माजा इलाज न्हाय."