खारीबटरचा बारावा शब्द

झोप लागलेली नाही, हे आधीच सांगून ठेवते. दुपारचं जेवण झालंय, भात जरा जास्त झालाय, आणि मी वेताच्या आरामखुर्चीत पाय पसरून पडलेय, एवढंच. मोबाइल छातीवर आहे. डोळे मिटलेत, पण कान उघडे आहेत. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये उभं आयुष्य काढलेल्या बाईचे कान असे सहजासहजी मिटत नाहीत.

मोबाइल सारखा थरथरतोय, कारण आज आमच्या कट्ट्याचा वर्षदिन आहे. कट्टा म्हणजे इंटरनेटवरचा. डिजिटल नाणं नवीन निघालं होतं, त्याला कुणी हिंग लावून विचारत नव्हतं, तेव्हा आम्ही काही मराठी टाळकी तिथे जमलो. घरच्या कॉम्प्युटरला रात्रंदिवस गणितं सोडवायला लावायची आणि त्या बदल्यात नाणी मिळवायची, हा आमचा उद्योग. दरवर्षी या दिवशी जुनी मंडळी परत येतात आणि आठवणी काढतात. नारळपाणी लिहितो, लाइटबिल बघून बाबांनी मीटरच उपटायला घेतलं होतं. सोडालेमन लिहितो, आपण सगळी नाणी देऊन हापूसची पेटी घेतली आणि निम्मे आंबे नासके निघाले. हे तो दरवर्षी लिहितो. दरवर्षी आम्ही हसतो आणि तो बिचारा खरोखरच रडत असतो.

तिथे कुणाचं खरं नाव कुणाला माहीत नाही. ती शिस्त मीच लावली. मी कट्ट्याची राखणदार, माझं तिथलं नाव कडीकोयंडा. पैशाचा मामला, चोर टपलेले असणारच. म्हणून घरच्या गोष्टी सांगताना एखादा तपशील फिरवून सांगा, असं मी प्रत्येक नव्या माणसाला बजावायचे. आणि नाण्यांची तिजोरी उघडायला जे बारा शब्द लागतात, त्यातले अकरा घरच्या मशीनमध्ये ठेवायचे नि बारावा एका सोबत्याच्या कानात सांगायचा, हीही पद्धत माझीच. समोरासमोर, तोंडी. मशीन चोरीला गेलं तरी चोराचा उपयोग नाही, आणि आपलं बरंवाईट झालं तर घरच्यांना सोबती शब्द सांगेल.

खारीबटरचा बारावा शब्द माझ्याकडे आहे. तुम्हाला सांगणार नाही. तो मनात म्हणतानासुद्धा मी ओठ हलवत नाही.

खारीबटर दिवाळीनंतर गेला. कट्ट्यावर पेपरातल्या बातमीचा फोटो आला, नावाची ओळ कापून. आमच्या शिस्तीप्रमाणेच. कापताना त्याचा डावा खांदाही गेला होता. मी त्याला एकदाच भेटले होते, सातारच्या एसटी स्टँडच्या कँटीनमध्ये, शब्दांची देवाणघेवाण करायला. तरी त्या दिवशी मी ओट्यापाशी उभी राहून रडले. इतकी वर्षं रोज बोललेलं माणूस होतं हो.

आणि परवा त्याच्याच नावाने मला निरोप आला. मेलेल्या माणसाच्या नावाने! ‘मी त्यांच्या घरची. तो शब्द हवा आहे.’

माझ्या मनात पाल चुकचुकली. मी परीक्षा घेतली. विचारलं, खारीबटरच्या मशीनमागून जी गरम हवा यायची, तिच्यावर घरात काय वाळत घालायचे? कट्ट्यावर शेंबड्या पोरालाही हे उत्तर ठाऊक आहे. सांडगे. त्याच्या आईचे सांडगे. दर वर्षदिनाला ती गोष्ट निघते. उत्तर आलं, ‘कुरडया. मीच घालायचे.’

सापडली की नाही? मी लिहिलं, ‘चुकलं. पुन्हा इकडे फिरकू नका.’ काल रात्री तिचा आणखी एक निरोप. ‘बरं. उद्या संध्याकाळी ते मशीन भंगारवाला नेतोय. आम्ही लहान घरात चाललोय, तिथे जागा नाही.’ म्हणजे त्यातले अकरा शब्दही जाणार, आणि त्याने बायकोपोरीसाठी जे काही साठवलं, ते कायमचं गेलं. खरं असेल तर. चोरांना नेहमी घाई असते. मी उत्तर दिलेलं नाही.

पंखा फिरतोय. त्याचा आवाज आता डोक्यावरून येत नाही, टेबलाखालून येतोय. मला तो आवाज ओळखीचा आहे, कॉम्प्युटर तापला की असाच घुमायचा. मी टेबलाखाली वाकून बघते, तर तिथे कुणाचे तरी पाय आहेत. करकरणाऱ्या कोल्हापुरी चपला, अंगठा जरा बाहेर आलेला.

“सरळच आहेत,” वरून आवाज येतो. “उलटे नाहीत. बघून झालं असेल तर ये वर.”

सातारचं कँटीन आहे. समोर खारीबटर बसलाय. तसाच, गालावर तीळ, कपाळावर केस. फक्त डावा खांदा नाही. सरळ कापल्यासारखा.

मी बरोब्बर ओळखते. कुणीतरी पेपरातल्या फोटोतून उचललाय याला.

“कोण तुम्ही?” मी विचारते.

“हात्तिच्या, कडीताई! मला तुम्ही म्हणायला लागलीस?”

“इथे आपण भेटलो तेव्हा मी काय खाल्लं, सांगा.”

“काही नाही. मी भजी मागवली, तू हात लावला नाहीस. मी त्यात काही घातलं असेल म्हणून. चहासुद्धा तुझ्या कपातला घोट आधी मला घ्यायला लावलास.”

हे बरोबर आहे. पण बरोबर असणं म्हणजे खरं असणं नव्हे. आजूबाजूच्या टेबलांवर माणसं कान देऊन ऐकतायत. मी मान वळवून बघते तर एकालाही चेहरा नाही. चेहऱ्याच्या जागी कट्ट्यावरची गोल चित्रं आहेत. एकाचं सूर्यफूल, एकाची मांजर, एकाचा मारुती. सूर्यफूल पेटीतले नासके आंबे एकेक करून बाजूला काढतंय आणि मुसमुसतंय.

“इथे नको बोलायला,” मी म्हणते.

“चल मग.”

मी उठते तर हातात हेडफोन आहे. एक्स्चेंजचा लांबलचक हॉल, समोर बोर्ड, बोर्डावर सगळीकडे लाल दिवे लागलेत. मी एक पिन खुपसते. बाईचा आवाज येतो. ‘हॅलो, मी त्यांच्या घरची.’ मी पिन काढते, दुसरीकडे खुपसते. तीच. ‘मी त्यांच्या घरची.’ सगळ्या लायनींवर तीच बाई, आणि दर वेळी तिचा आवाज आधीपेक्षा जरा दमलेला. मी सगळ्या पिना उपटते. तरी दिवे विझत नाहीत.

खारीबटर शेजारच्या स्टुलावर बसून हे सगळं बघतोय.

“काय रे,” मी त्याच्यावर खेकसते, कारण मला भीती वाटतेय आणि भीती वाटली की मी खेकसते. “तू शब्द काढून घ्यायला आलायस ना माझ्याकडून? स्पष्ट सांग. त्या बाईने पाठवलंय तुला.”

“मला काय करायचाय शब्द? माझाच तर आहे. मला येतो.”

“मग म्हणून दाखव.”

“एवढ्या लोकांत? नियम कुणाचा गं?”

चोर असता तर काहीतरी थाप मारली असती. की हीच थाप आहे? इथे कुठेतरी पाणी मुरतंय, आणि मला जागा सापडत नाहीये.

“ताई, माझ्या नावाने निरोप आला,” तो हळू बोलतो, “तेव्हा तुला पहिल्यांदा काय वाटलं?”

“हा खारीबटर नव्हे, असं वाटलं.”

“बरोबर वाटलं. मी मेलो ना. मी कसा असेन? मग माझं मशीन चालू कोण करेल? माझ्या खुर्चीत कोण बसेल? जरा डोकं चालव.”

“चोर बसेल,” मी म्हणते.

हॉल संपतो तिथे एक दार आहे, ते त्याच्या घराचं आहे. मी हे घर कधी पाहिलेलं नाही. आत शिरताच अंगावर ऊन आल्यासारखी ऊब येते. छोटी खोली, कोपऱ्यात कॉम्प्युटर, झाकण काढलेला, आतले पंखे घोंघावतायत. मागे दोन स्टुलांवर सुती पातळ ताणून बांधलंय. बाहेर ढग आलेत म्हणून उरलेलं वाळवण इथे आणलंय. खाली बसून एक बाई सोऱ्या पिळतेय. तिची माझ्याकडे पाठ आहे. चीक लागलेला हात वर उचलून ती कोपराने केस मागे सारते.

पातळावर पांढऱ्या, ओल्या कुरडया आहेत.

“हे सांडगे नाहीत,” मी म्हणते.

“नाहीत ना.”

“तू कट्ट्यावर सांडगे म्हणाला होतास. आईने घातलेले. इतकी वर्षं आम्ही तेच सांगतोय एकमेकांना!”

“कडीताई,” तो म्हणतो, आणि पहिल्यांदाच त्याच्या तोंडावरचं हसू जातं. “मी कट्ट्यावर आलो त्या दिवशी तू मला काय बजावलं होतंस? घरची गोष्ट सांगशील तर काहीतरी फिरवून सांग. मी आज्ञाधारक माणूस. कुरडयांचे सांडगे केले, बायकोची आई केली.”

मी खाली बसते, त्या बाईच्या पाठीमागेच.

“आता सांग,” तो म्हणतो. “कट्टा वाचून आलेला चोर काय म्हणाला असता?”

सांडगे. चोर सांडगेच म्हणाला असता. सगळा कट्टा सांडगे म्हणाला असता, मीसुद्धा. कुरडया फक्त जिने घातल्या तीच म्हणू शकते. अगं बाई गं. ती खरं बोलली म्हणून मी तिला हाकलून दिलं.

“तिला मी काय काय लिहिलं रे,” मी म्हणते. “फिरकू नका म्हणाले.”

“वाचलं मी.”

“रागावलायस?”

“थोडा,” तो म्हणतो. “ती रडली त्या रात्री. माझ्यासाठी नाही, तुझ्या त्या एका ओळीसाठी. मी तिला सांगून ठेवलं होतं, काही झालं तर कडीताई आहे, ती माझ्यापेक्षा पक्की आहे.”

तो पातळाच्या कडेची एक वाळलेली कुरडई उचलतो आणि माझ्या उजव्या तळहातावर ठेवतो. “घे. हिच्यात काही घातलेलं नाही.”

मला ती खायची आहे, खरंच खायची आहे. पण इतक्या वर्षांची सवय, मी नुसती मूठ आवळते. घट्ट, कडक तारा कातडीत रुततील इतकी घट्ट. बाई सोऱ्या थांबवते आणि मागे वळायला लागते. मला तिचा चेहरा बघायचाय. पंख्यांचा आवाज वाढतो, वाढतो, आणि पुन्हा डोक्यावर जातो.

खुर्ची. भिंतीवरचं कॅलेंडर. मोबाइल घसरून जमिनीवर पडलाय. खिडकीतलं ऊन सरकून शेजाऱ्यांच्या टाकीवर गेलंय. संध्याकाळ व्हायला आलीय.

माझी उजवी मूठ अजून आवळलेली आहे. मी एकेक बोट उघडते. हातात काही नाही. पण तळहातावर लालसर खूण उमटलीय, वेटोळ्यात वेटोळं, बारीक तारांचं गोल जाळं.

संशयी बाई मी. आधी खुर्ची तपासते. हिचा वेत चौकटीचौकटीचा विणलेला, आणि हाताखाली तर नुसतं लाकूड आहे. मग स्वयंपाकघरात जाऊन डबे उघडते. कुरडई या घरात यायची कित्येक वर्षांपूर्वीच बंद झालीय, माझ्या दातांमुळे. मी खूण नाकाशी नेते. मग स्वतःचीच लाज वाटते आणि मोबाइल उचलते.

खूण पुसट व्हायला लागलीय. डाव्या हाताने टाइप करताना चुका होतात, होऊ देत.

‘मशीन देऊ नका. कुरडया बरोबर होतं. चूक माझी. पत्ता पाठवा, मी येते, शब्द तुमच्या कानात सांगायचा आहे. माझं नाव हेमलता. कराडला असते.’

कट्ट्यावर मी माझं नाव लिहिलेलं हे पहिल्यांदाच. पाठवायच्या आधी बोट थबकतं. मग मी पाठवते.

उत्तर लगेच येत नाही. मी देवाला हात जोडत नाही, पण आज त्याच्या कोनाड्याकडे तोंड करून उभी राहते. भंगारवाल्याचा टेम्पो निघूनही गेला असेल. गेला असेल तर मी कुणाला काय तोंड दाखवू?

मोबाइल थरथरतो.

‘टेम्पोत चढवलं होतं. उतरवायला सांगितलंय. तो ओरडतोय, ओरडू दे. विटा, जुन्या बँकेमागची गल्ली, कुणालाही विचारा. या हो ताई. मी सुनंदा.’

सुनंदा. सुनंदा, सुनंदा. मी मोठ्याने म्हणते. पिशवीत पाण्याची बाटली टाकते, गोळ्या टाकते, चपला सरकवते आणि उजवी मूठ पुन्हा मिटून घेते, उरलीसुरली खूण तिच्यापर्यंत टिकावी म्हणून.

दाराला कडी घालायची राहिली, हे मला विट्याच्या गाडीत बसल्यावर आठवतं.