पाइपाभोवती प्रदक्षिणा

मैत्रिणींनो, आज दुपारी मी पाइप वेल्डिंगची परीक्षा पास झाले! घाईत लिहितेय, चुका समजून घ्या.

गेल्या वेळी नापास झाले होते. परीक्षेत पाइप घट्ट बांधलेला असतो, तो हलवायचा नाही. खालून जोडत वर चढायचं. पाइपाच्या बाजूला आलं की माझं मनगट अवघडायचं, रॉडचा कोन बिघडायचा आणि जोडात पोकळी राहायची. यावेळीही हुकलं असतं तर आमच्या वर्कशॉपला पाइपलाइनचं काम मिळणार नव्हतं.

परवा माझा सराव बघून नवरा म्हणाला, "काहून खुंट्यावानी एका जागी उभी हाईस? धर्मापुरीच्या देवळात देव फिरतो का तू फिरतीस?"

"मीच फिरते."

"मग हितं बी फिर की!"

रागच आला. पण पाय सरकवत, खांदा वळवत पाइपाबरोबर फिरले, आणि मनगट मोकळंच राहिलं.

आज परीक्षकांनी माझ्या जोडाची पट्टी कापून यंत्रात वाकवली. पट्टी घोड्याच्या नालेसारखी वाकली आणि तडा कुठेच नव्हता!

"लई साफ जोड हाय, ताई. पास!"

येताना आम्ही दोघं धर्मापुरीच्या देवळात थांबलो. मी डोळे पुसत सावकाश प्रदक्षिणा घालत होते. मागून नवरा म्हणाला, "आता तरी भरभर चाल, हातात रॉड न्हाई!"

तुमचं अडलेलं काम कधी घरच्यांच्या अशा टोमण्यानं सुटलंय का? सांगा बरं.