दिवसभराचं जेवण एका डब्यात

शुद्धलेखनाच्या चुका आधीच पोटात घाला. नववीत शाळा सोडली, शब्दही साधेच येतात. पण मी जो घोळ घातला, तो सांगायला भारी शब्द लागतच नाहीत!

डोंबिवलीत शैलाकाकूंचं पोळी-भाजी केंद्र आहे, तिथे मी भाज्या करतो. मानपाड्याच्या एका कंपनीला रोजचे डबे हवे होते. तिथल्या मॅडमनी आहाराचा तक्ता पाठवला आणि नमुन्याला सहा डबे मागवले. हल्ली गिऱ्हाईक इतकं रोडावलेलं, की ही ऑर्डर गेली तर केंद्राला कुलूप!

नेमक्या त्या दिवशी काकू भाचीच्या डोहाळजेवणाला बाळकुमला निघाल्या. "सुधीर, तक्त्याप्रमाणे कर. स्वतःचं डोकं चालवू नकोस."

नाही चालवलं! माणशी आठ पोळ्या, चार वाट्या भाजी, दोन वाट्या आमटी, दही, दोन फळं, मूठभर शेंगदाणे, पेलाभर दूध.

पोळ्या लाटणाऱ्या मावशींनी लाटणंच खाली ठेवलं. "आठ? तिथे माणसं कामाला आहेत की पैलवान?"

"तक्त्यात आहे, मावशी."

"आणि दूध कशात घालतोस? आमटीत?"

दूध बाटल्यांत भरलं. झाकणं लागेनात, म्हणून एका डब्याचे तीन केले. रिक्षावाला म्हणाला, "भाऊ, वऱ्हाड कुठे उतरलंय?"

तुम्ही म्हणाल, मॅडमना एक फोन करायचा ना? मी? अहो, रिक्षा थांबवा म्हणायला मला लाज वाटते, दोन गल्ल्या पुढे उतरून चालत मागे येतो!

दुपारी काकू परतल्या आणि रिकामी पातेली बघून दारातच थांबल्या. "अरे, संध्याकाळचीही भाजी दिलीस?"

मी सगळं सांगितलं. काकूंनी फोनवरचा तक्ता माझ्या नाकासमोर धरला. "पहिली ओळ वाच."

'एका माणसाचा दिवसभराचा आहार.'

ती ओळ मी वाचलीच नव्हती. मला वाटलं, वर नुसतं नाव असेल!

"चल," काकू म्हणाल्या, "आधी माफी मागू." आम्ही रिक्षात बसलो. मला तर त्या दिवशी कुठेच उतरायचं नव्हतं.

कंपनीत पोचलो, तर काय सांगू! वीसेक माणसं जमिनीवर वर्तमानपत्रं पसरून गोल बसलेली. वॉचमनकाका आमटी वाढतायत, साहेब केळी सोलतायत.

काकूंनी हात जोडले. "मॅडम, आमच्या मुलाचं चुकलं, त्याने..."

"चुकलं कसलं! एरवी जो तो आपल्या टेबलावर फोन बघत जेवतो. आज जेवण एवढं आलं, की सगळ्यांना हाका मारल्या. उद्यापासून सगळ्यांचे डबे तुमच्याकडून. फक्त एका वेळचं द्या हो!"

काकूंनी माझ्या पाठीत असा धपाटा घातला, की वॉचमनकाकांची पळी हलली. पण डोळे पुसत होत्या.

"आणि माझा तक्ता एवढा मनापासून पाळणारे हेच ना?" मॅडमनी विचारलं. "उद्या सकाळी येऊन सगळ्यांना आहारावर दोन शब्द सांगा."

नाही म्हणायलाही मला लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी सकाळी गेलो. आणि चक्क बोललो! धान्य, डाळी, भाज्या, फळं, दूध, तक्त्यातले सगळे गट सांगितले. टाळ्या पडल्या. आयुष्यात पहिल्यांदा माझी मान वर झाली.

तेवढ्यात वॉचमनकाका म्हणाले, "तुम्ही आज सकाळी काय खाल्लंत?"

खोटं बोलता येईना. "चहा आणि तीन खारी."

"खारी कुठल्या गटात येते हो?"

"उशिरा उठणाऱ्यांच्या," मी म्हटलं.