जावयाचे पाय

जावयाला दहावा ग्रह म्हणतात, पण बाकीचे नऊ निदान रास तरी बदलतात. माझ्या थोरल्या बहिणीचे, अक्काचे यजमान, म्हणजे आमचे दाजी, दुसऱ्या महायुद्धाच्या आधी दोनेक वर्षं रेल्वेतून पेन्शनीत निघाले, खंडाळ्याचं क्वार्टर सोडून लोणावळ्याला आमच्या घरी 'चार दिवसांसाठी' आले आणि नऊ वर्षं जागचे हलले नाहीत. त्या नऊ वर्षांत त्यांनी जावईपणातून एका दिवसाचीही रजा घेतली नाही. पहिला चहा त्यांना, ओसरीवरची आरामखुर्ची त्यांची, वर्तमानपत्राची घडी त्यांनीच मोडायची. साठीला टेकलेला माणूस, पण पानावर तुपाची धार जरा लवकर थांबली की हात आखडून बसायचा. 'घरजावई' हा शब्द एकदा एका शेजारणीच्या तोंडून निसटला, तेव्हा दाजींनी ट्रंक भरून ओसरीवर आणून ठेवली. ती दोन महिने तिथेच होती आणि आम्ही सगळे तिला ठेचकाळत होतो.

त्यांना मधुमेह होता. दाजींच्या मते तो फक्त डॉक्टरांच्या डोक्यात होता. कोटाच्या खिशात ते गुडदाणी दडवत, आणि खुंटीकडे मुंग्यांची रांग लागली की मुंग्यांनाच शिव्या देत. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, तसे नोकरी गेल्यावरही रेल्वेचे काळे कडक बूट त्यांच्या पायांत राहिले. ते घालून रोज सकाळी स्टेशनवर जायचं, मेल वेळेवर आहे की नाही ते आपल्या घड्याळात बघायचं आणि उशीर असला तर स्टेशनमास्तरला जाब विचारायचा, हा त्यांचा नेम.

एके सकाळी त्यांच्या कोटाचं पितळी बटण हरवलं. घर डोक्यावर घेतलं. अक्काला मोतीबिंदूमुळे दिसत नसे, ती बिचारी जमीन तळहाताने चाचपत होती. दाजी बूट घालून आमच्यामध्ये येरझारा घालत आमच्या निष्काळजीपणावर बोलत होते. मग ते स्टेशनवर जाऊन आले, बूट काढले आणि राहिलेलं भाषण पुरं करायला आत निघाले. दाराशी वडिवळ्याचा गवळी दूध मापत होता.

"आवो दाजी, थांबा की," तो म्हणाला, "फरशीवर रगत पडलंय. तुमच्याच पायाचं हाय. दुखत न्हाई व्हय?"

"काहीतरीच. मला कुठे दुखतंय?"

मी बूट उपडा केला. आतून बटण पडलं. तळव्यात त्याच मापाची जखम होती. दाजींनी बटण उचललं, पुसलं आणि म्हणाले, "मी सांगत नव्हतो, घरातच आहे म्हणून?"

जखम भरायला तीन महिने गेले. तळेगावच्या डॉक्टरांनी अक्काला आणि मला बाजूला घेऊन सांगितलं, "पायांची जाणीव गेली आहे. रोज कोणीतरी तळवे बघा, बोटांच्या बेचक्या बघा. पुढच्या वेळी कळायला उशीर झाला तर पाय कापावा लागेल." परतीच्या गाडीत अक्काने माझी बाही घट्ट धरून ठेवली होती. "मला त्यांचा चेहरासुद्धा धड दिसत नाही," ती म्हणाली, "तळवे काय दिसणार? तू बघ रे."

पण दाजी पाय दाखवतील तर ना. "मी काय बाजारातला बैल आहे, खूर बघायला?" पंधरा दिवस मी विनवण्या केल्या, भांडलो, दुपारी झोपल्यावर बघायला गेलो तर गृहस्थ मोजे घालून झोपलेले. शेवटी मला आठवलं की लग्नात आमच्या वडिलांनी त्यांचे पाय धुतले होते. वडील गेले होते, मान शिल्लक होता. दुसऱ्या दिवशी मी पाट मांडला, पुढे ताम्हण ठेवलं आणि म्हणालो, "दाजी, जावयाचे पाय धुवायचे आहेत."

दाजींनी क्षणभर विचार केला. "रांगोळी कुठे आहे?"

त्या रांगोळीने माझा जीव खाल्ला. रोज रांगोळी, रोज पाट. कोपर बुडवून मी पाणी कोमट केलं की हे म्हणणार, गार आहे. यांना उकळतंसुद्धा गारच लागलं असतं. बेचक्यांत ओल राहू द्यायची नाही म्हणून मी एकेक बोट पंच्याने टिपायचो आणि हे वरून सांगणार, "तुझ्या वडिलांचा हात हलका होता." टाचांना तेल लावायचं, नखं सरळ कापायची, बूट झाडून द्यायचे. मी शाळामास्तर, पण पोरांच्या आधी शाळेत पोचलो असेन तर शपथ. हेडमास्तरांनी कारण विचारलं तर काय सांगणार? पुढे अंगठ्याला फोड दिसला तेव्हा बूट जाऊन रुंद मऊ चपला आल्या, पण त्यासाठी महिनाभर अबोला सोसावा लागला. आणि रोज, न चुकता, स्वयंपाकघराच्या दारातून अक्का विचारायची, "ठीक आहे ना रे?"

"ठीक आहे, अक्का," मी म्हणायचो. मग ती माझ्या सुनेला तवा टाकायला सांगायची.

आठव्या वर्षी, भर पावसाळ्यात, रांगोळी ओलीने पसरली म्हणून दाजी पाटावर बसेनात. माझा तोल गेला. "दाजी, मी तुमचे पाय धुवत नाही. तपासतो. डॉक्टरांनी सांगितलंय म्हणून."

"ते मला पहिल्या दिवसापासून माहीत आहे," दाजी शांतपणे म्हणाले. "पाय धुवायला कोणी चष्मा लावतं का?"

"मग हे रांगोळीचं सोंग कशाला?"

त्यांनी स्वयंपाकघराकडे बघितलं आणि आवाज खाली आणला. "तू तपासलेस की मी या घरात पडलेला रोगी. धुतलेस की जावई. तिनं माहेरी रोग्याची बायको होऊन राहू नये."

मला फार लाज वाटली. मी रांगोळी पुसून पुन्हा काढली. त्यांनी तिलाही नावं ठेवली.

पुढच्याच वर्षी एका सकाळी हातात वर्तमानपत्र धरूनच दाजी गेले. हृदय थांबलं, पायांचा काही संबंध नव्हता. शेवटचं पाणी घालायची वेळ आली तेव्हा मी सवयीने कोपर बुडवून बघितलं, चष्मा लावला आणि एकेक बेचकी बघितली. दोन्ही पाय धड होते, दहाही बोटं जागेवर होती. मागून कोणीतरी उशीर होतोय म्हणालं.

भिंतीशी बसलेल्या अक्काने विचारलं, "ठीक आहे ना रे?"

"ठीक आहे, अक्का," मी म्हणालो, आणि पंचा घेऊन बेचक्या कोरड्या केल्या.